एक टोल जास्त

१

मनोऱ्याच्या राखणदाराला दोन गोष्टींचा मनापासून वैताग होता. एक म्हणजे "लिफ्ट आहे का हो?" हा प्रश्न. आणि दुसरी, मोजता न येणारी माणसं.

पहिल्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार असे. "आहे ना. गुडघ्यापासून खाली दोन आहेत, त्या वापरा." अकरा वर्षांत या उत्तरावर कुणी हसलं नव्हतं आणि त्यानेही ते बदललं नव्हतं.

चर्च जुनं होतं. किती जुनं ते बाहेरच्या फलकावर लिहिलेलं होतं, पण तो फलक कुणी वाचत नसे. लोक यायचे ते मनोऱ्यासाठी. वरच्या सज्जातून सगळं शहर दिसे, नदी, दोन पूल, कौलांचे उतार आणि लांबवर धुरकट टेकड्या. वर जायला एकच गोल जिना, एकशे शहाऐंशी पायऱ्यांचा. तो इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकाला उलट पावली जावं लागे. कठड्याच्या जागी भिंतीला एक जाड दोर बांधलेला होता. हातांनी घासून घासून तो काळा झाला होता.

म्हणून घंटेची पद्धत होती. सज्जाच्या दाराशी एक दोरी लोंबत होती, तिच्या टोकाला लाकडी मूठ. ती ओढली की तारेने खाली राखणदाराच्या टेबलाजवळची पितळी घंटा वाजे. उतरण्याआधी जितकी माणसं तितके टोल द्यायचे. ती खाली येईपर्यंत राखणदार खालून कुणाला चढू देत नसे. वर गेलेल्या प्रत्येक माणसाची तो पाटीवर खडूने एक रेघ मारी आणि माणूस खाली आला की ती पुसून टाकी. संध्याकाळी पाटी कोरी झाली की दाराला कुलूप. अकरा वर्षांत त्याने वर कुणाला कोंडलं नव्हतं. असं दुसरं काही फारसं त्याच्या नावावर नव्हतं, म्हणून हे तो जपून होता.

मंगळवारी दुपारी एक जोडपं आणि मुलीची आई असे तिघं वर गेले. तीन रेघा. वीस मिनिटांनी घंटा वाजली. एक, दोन, तीन. आणि जरा थांबून, चार.

"झालं," राखणदार म्हणाला. जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्याने वर आवाज टाकला, "अहो, तिघं आहात तुम्ही! नीट मोजा!"

तिघं खाली आले. पुढे जावई, मग मुलगी, शेवटी धापा टाकत सासूबाई.

"चौथं कोण आणलंत?"

"चौथं कुठलं? तीनदाच ओढली मी," जावई म्हणाला.

"चारदा वाजली."

"यांना विचारा."

"तीनदाच," सासूबाई म्हणाल्या. "मी मोजत होते ना. याच्या भरवशावर मी काही सोडत नाही."

"ऐकलंत? सहा वर्षांत पहिल्यांदा यांनी माझी बाजू घेतली. लिहून ठेवा पाटीवर."

राखणदाराने तीन रेघा पुसल्या. चौथी नव्हतीच. तरी त्याचं ओलं फडकं त्या जागेवर उगाच एकदा फिरलं.

२

तो राहायला चर्चच्या मागच्याच गल्लीत होता, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीच्या खालच्या दाराला कडक स्प्रिंग होती. माणूस आत आला न आला तोच ते दार त्याच्या टाचेवर आपटे. त्या दाराला तो रोज एक शिवी देई. मग बेचाळीस पायऱ्या चढून आपल्या दाराशी आला, की खिशात किल्ली असूनही एकदा बेल दाबी.

"एक टोल, एक माणूस," आतून बायको म्हणे. "या."

दोघांचंच घर. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मनोरा दिसे. बायकोने तीस वर्षं त्याच्याकडे बघत भांडी घासली होती, पण ती वर कधी गेली नव्हती. आधी मुलगी लहान होती, मग गुडघे दुखायला लागले आणि दोन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन पंधरा दिवस ती दवाखान्यात पडून होती. त्यानंतर तोही विषय काढेनासा झाला. पण या शनिवारी त्याचा शेवटचा दिवस होता. सोमवारपासून घंटा जाऊन तिथे तांबडा-हिरवा दिवा लागणार होता, आणि दिव्याला राखणदार लागत नाही.

"डॉक्टरांना विचारलं मी," ती म्हणाली. "बसत बसत चढा म्हणाले. तेव्हा शनिवारी मी येणार. तिथून आपली खिडकी कशी दिसते ते मला बघायचंय."

"खिडकीसारखी दिसते."

"मी तिला लाल टॉवेल बांधून येते, म्हणजे तुम्हालाही सापडेल."

त्याने तिला चौथ्या टोलाचं सांगितलं. लोकांना तीनपर्यंतही मोजता येत नाही, या नेहमीच्या तक्रारीत घालून सांगितलं.

"कुणीतरी राहिलं असेल वर," ती म्हणाली.

"राहिलं असतं तर उतरलं असतं. पाय आहेत ना?"

"उतरायचीच भीती वाटते हो. चढायचं काय, माणूस वर बघत चढतो. उतरताना पुढे कुणी धरायला हवं."

"तू बघितलायस का जिना?"

"जिना काय बघायचा. माणसं बघितलीत मी."

३

बुधवारी दोन कॉलेजच्या मुली गेल्या, तीन टोल पडले. त्याने दोघींना चांगलं फैलावर घेतलं. त्या हसत सुटल्या, त्यामुळे त्यांनीच चावटपणा केला असणार असं त्याने धरलं. गुरुवारी सकाळी एक शिक्षिका अठरा मुलांना घेऊन वर गेली. घंटा वाजू लागली तसा तो बोटांवर मोजत राहिला. एकोणीसवर थांबली. त्याने सुस्कारा सोडला. तेवढ्यात विसावा टोल पडला.

"बाई, तुम्ही गणित शिकवता का?"

"इतिहास."

"तरीच."

पण अठरा मुलं आणि एक बाई त्याने स्वतः डोक्यांना हात लावून मोजली. एकोणीसच होती.

दुपारी वायरमन आला. दिव्यांची तार ओढायला तो एकटाच वर गेला. अर्ध्या तासाने दोन टोल पडले.

राखणदार जिन्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा राहिला. वायरमन खाली आला तसा त्याने त्याच्यासमोर एक बोट धरलं. "हे किती?"

"काय झालं काका?"

"हे किती, ते सांग."

"एक."

"मग दोनदा का वाजवलीस?"

"एकदाच ओढली की." वायरमन शांत माणूस होता. त्याने तारेकडे मान वर करून बघितलं. "जुनी तार आहे. ओढून सोडली की उलटा झटका खाते, तो दुसरा टोल. साधी गोष्ट आहे."

राखणदाराला इतकं बरं वाटलं की त्याने त्याला आपल्या थर्मासमधला चहा दिला. मग दोघांनी करून बघितलं. वायरमन पुन्हा वर गेला आणि ठरल्याप्रमाणे दहा वेळा, थांबून थांबून, दोरी ओढत राहिला. खाली दहा टोल पडले. अकरावा काही पडला नाही.

"आत्ता नाही खाल्ला झटका," परत आल्यावर वायरमन म्हणाला. तो मानेमागे हात फिरवत होता. "सोमवारी काढूनच टाकायचीय. कशाला डोक्याला ताप? पण जिना घुमतो हो तुमचा. आपलीच पावलं मागून कुणी येत असल्यासारखी वाजतात."

"सगळे जिने घुमतात."

"हो, ते आहेच," वायरमन म्हणाला. पण बाकीचं सामान आणायला तो पुन्हा वर गेला नाही. सोमवारपर्यंत राहू दे म्हणाला.

४

शुक्रवारी सहाला पाटी कोरी झाली. राखणदाराने किल्ल्या काढल्या, खडू डबीत टाकला, थर्मासचं झाकण लावलं.

एक टोल पडला.

तो वळला नाही. आधी त्याने थर्मास पिशवीत ठेवला. मग पाटी बघितली. मग दिवसभरातली सगळी माणसं मनातल्या मनात पुन्हा खाली उतरवली. टोपीवाला, त्याची बायको, चार जणांचं टोळकं, फोटो काढणारा, पाय लचकलेली बाई. सगळे गेले होते.

"आता वर जाणं आलं," तो म्हणाला. गुडघ्यावर हात ठेवून, पायरीगणिक एक शब्द टाकत, तो एकशे शहाऐंशी पायऱ्या चढला. त्यातले बरेचसे शब्द चर्चमध्ये बोलायचे नव्हते.

सज्जा रिकामा होता. चारी बाजूंनी फिरायला अर्धं मिनिट पुरे. तो दोन फेऱ्या मारून आला, एक या बाजूने आणि एक त्या बाजूने, म्हणजे कुणी पुढे पुढे सरकत असेल तर सापडावं. खाली चौकातले दिवे लागत होते. वारा नव्हता. दोरी सरळ लोंबत होती. त्याने लाकडी मूठ हातात घेतली आणि सोडून दिली.

मूठ कोमट होती.

दिवसभर ऊन असतं, तो मनाशी म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की दार उत्तरेला आहे आणि तिथे ऊन कधीच येत नाही. मग तो म्हणाला, आपलाच हात चढून चढून तापलाय. हे त्याला पटलं. पटलं, तरी उतरताना त्याने दोर घट्ट धरला आणि आपल्या पावलांमागे आणखी काही वाजतं का तेवढं ऐकत राहिला. त्याची पावलं घुमत होती. तो थांबला की घुमणं थांबत होतं. जरासं उशिरा थांबत होतं, पण थांबत होतं.

खाली येऊन त्याने दार ओढलं, किल्ली घातली. एक टोल पडला.

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. चार दिवस साठलेला वैताग एकदम वर आला. त्याने दार उघडलं आणि जिन्यात डोकं घालून तो ओरडला, "मग या की खाली! कुणी धरून ठेवलंय? रोज नुसती घंटा कसली बडवता? यायचं तर या!"

आवाज गोल गोल फिरत वर गेला. वरून काही आलं नाही.

आले ते चर्चमधून फादर, बोटात पुस्तकाचं पान धरून. "आत लोक प्रार्थना करताहेत," ते म्हणाले. "कुणाला ओरडताय?"

"कुणाला नाही."

"मग इतक्या मोठ्याने कशाला?"

राखणदाराने दार ओढून किल्ली फिरवली. फादर जरा नरमले. म्हणाले, एकच दिवस राहिलाय, गोडीने पार पाडा, आणि त्या टोलांच्या नादाने जिना अडवून ठेवू नका, गुरुवारी दोन तक्रारी आल्या.

घरी जाताना त्याला आधीच्या राखणदाराची आठवण झाली. किल्ल्या हातात देताना तो म्हातारा म्हणाला होता, "एखादा टोल कधी जास्त पडला तर चिडायचं नाही." तेव्हा त्याला वाटलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गोड बोलावं म्हणून सांगतोय.

५

शनिवारी शेवटचा माणूस साडेचारला खाली आला. पाटी कोरी होती. दिवसभर सगळे टोल बरोबर पडले होते, एकही कमी नाही की जास्त नाही. राखणदाराला हुरूप आला होता.

बायको पाचला आली. राखाडी लोकरीचा स्वेटर, केस नीट विंचरलेले, लग्नाला निघाल्यासारखी. तिने जिना खालून वर न्याहाळला.

"लिफ्ट आहे का हो?" ती म्हणाली.

"गुडघ्यापासून खाली दोन आहेत."

ती खळखळून हसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यावर कुणीतरी हसलं.

त्याने पाटीवर दोन रेघा मारल्या. दार आतून लावून घेतलं, मागून कुणी येऊ नये म्हणून. चढताना तिला पुढे ठेवलं आणि दर वीस पायऱ्यांना बसवलं. बसली की ती भिंतीवर हात फिरवी. "किती गार आहे," म्हणे. एकदा म्हणाली, "तुम्ही रोज इतकं चढता आणि मला म्हणता बसून काम आहे." तिच्या श्वासाकडे त्याचं लक्ष होतं. श्वास लागत होता, पण तुटत नव्हता.

वर पोचायला पाऊण तास लागला. सज्जात येताच ती कठड्याला टेकली. ऊन उतरत होतं. नदीवर एक लांब पिवळा पट्टा पडला होता.

"ती बघा!" ती म्हणाली.

कौलांच्या गर्दीत, बोटाच्या नखाएवढा, लाल ठिपका.

"केवढीशी आहे हो," ती म्हणाली. "मी तीस वर्षं तिथून इकडे बघायचे, तेव्हा वाटायचं आपण कुणालातरी दिसत असू. इथून तर काहीच दिसत नाही. टॉवेल नसता तर कळलंही नसतं आत माणसं राहतात." मग जरा वेळाने, "इथे एकट्याने उभं राहायचं म्हणजे कठीणच."

"कोण राहतंय एकटं? चल, ऊन जाईल."

दाराशी आल्यावर ती थांबली. "घंटा मला वाजवू द्या."

"खाली कुणी नाही ऐकायला. दोन्ही माणसं इथेच आहेत."

"असू दे. रोज तुमच्या तोंडून ऐकते, एकदा वाजवू द्या की." तिने मूठ धरली आणि मुलीसारखी ओठ मिटून ओढली. लांब खाली, विहिरीत भांडं आपटावं तसा आवाज आला. तिने पुन्हा ओढली. पुन्हा आवाज. तिने मूठ सोडली आणि दोन्ही हात स्वेटरच्या खिशांत घातले.

तिसरा टोल पडला.

राखणदार दोरीकडे बघत होता. झटका, तो म्हणाला. मनात म्हणाला. तार जुनी आहे.

"चल," तो म्हणाला. "मी पुढे. माझ्या खांद्यावर हात ठेव. आणि बोलू नकोस, दम जातो."

६

उतरताना राखणदाराने पुढे असायचं, हाही नियमच होता. मागच्याचा पाय घसरला तर तो पुढच्यावर पडतो. त्याच्या डाव्या खांद्यावर तिचा हात होता. उजव्या हाताने त्याने दोर धरला होता. तो पायऱ्या मोठ्याने मोजत होता, तिला धीर यावा म्हणून. तीस. चाळीस. पन्नासला ते थांबले, तिने दम घेतला आणि ते पुन्हा निघाले.

पावलं घुमत होती. सगळे जिने घुमतात.

साठ. सत्तर.

"जरा हळू," ती म्हणाली.

"दुखतंय का?"

"मला नाही. मागच्यांना जमत नाहीये."

पुढची पायरी त्याने अर्धी टाकली आणि पाऊल तसंच राहिलं.

"कुठल्या मागच्यांना?"

"बाई आहेत कुणीतरी. तिथे दाराशी माझ्या पाठीला हात लागला, चाचपडल्यासारखा. उतरायला घाबरत होत्या बिचाऱ्या. मी तो हात माझ्या खांद्यावर ठेवून घेतला." तिच्या आवाजात काहीच नव्हतं. बसमध्ये कुणाला जागा दिल्याचं सांगावं तसं ती सांगत होती. "तुम्ही म्हणाला होतात ना, बोलू नकोस. म्हणून नाही बोलले."

वर कुणी नव्हतं. त्याने दार आतून लावलं होतं. सज्जात ते अर्धा तास होते आणि सज्जा फिरायला अर्धं मिनिट लागतं. हे सगळं तो स्वतःला एकामागून एक सांगत राहिला, पाटीवर रेघा माराव्यात तसा.

"तू बघितलंस तिला?"

"मागे वळू कशी? पडेन ना. तुम्हीच म्हणता, जिन्यात वळायचं नाही."

त्यालाही वळता येत नव्हतं. वळला तर त्याचा खांदा तिच्या हातातून सुटणार. खाली शंभरावर पायऱ्या होत्या, मधोमध कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि तिचं हृदय हे असं. तो कान देऊन उभा राहिला. तिच्या श्वासाचा आवाज त्याला पाठ होता. तो ऐकू येत होता. त्याच्या मागे, जरा वरून, आणखी एक श्वास येत होता. संथ, लांब, मध्येच अडणारा. पुष्कळ चढून आलेल्या माणसाला लागतो तसा. उतरणाऱ्याला लागतो तसा नाही.

"तिला म्हणावं, हात काढ," तो हळूच म्हणाला.

"अहो, असं कसं? तुम्ही घंटा ऐकता, माणसं मोजता, आणि कुणाला धरायला नको म्हणता?" ती चिडली होती. "चला पुढे. मलाही उभं राहवत नाही. हलक्या आहेत हो बाई, अगदी वजनच नाही. पण हात फार जड आहे."

तेव्हा तो निघाला. दुसरं काय करणार होता? एकाहत्तर, बाहत्तर. आता तो मोठ्याने मोजत नव्हता. प्रत्येक पायरीला त्याचं पाऊल वाजे, मग तिचं, आणि मग काही नाही, नुसती तेवढी जागा. वळणावरच्या झरोक्यांतून उजेडाची एक पट्टी येई. त्या पट्टीत त्याची सावली भिंतीवरून पुढे सरके, मग तिची. तिसऱ्या सावलीची वाट न बघता तो प्रत्येक वेळी मान खाली घाली.

एकशे पन्नासला तिचा हात त्याच्या खांद्यावर जड झाला. एकशे सत्तरला ती म्हणाली, "आलं का?"

"आलं. आलंच. माझ्याकडे लक्ष दे."

खाली त्याने कडी काढली, दार उघडलं आणि बाहेर पाऊल टाकून लगेच तिच्याकडे वळला. आधी तिचा हात धरला. मगच बघितलं. ती उंबरठ्यावर उभी होती, घामेजलेली, पण हसरी. तिच्यामागे जिन्याचं पहिलं वळण होतं आणि वळणावर अंधार. आणखी काही नव्हतं.

तिच्या डाव्या खांद्यावर राखाडी लोकर दबलेली होती. चार ठिकाणी, शेजारी शेजारी, खोलवर. त्याच्या डोळ्यांदेखत त्यातला एक खळगा जरासा पुढे सरकला, पकड नीट करावी तशी.

अकरा वर्षं संध्याकाळी या दारात उभं राहून तो जे म्हणत आला होता तेच त्याच्या तोंडून निघालं. "झाले का सगळे?"

"झाले," बायको म्हणाली, आणि बाहेर आली.

तो दार धरून उभा राहिला, एका माणसाला उंबरठा ओलांडायला लागतो तेवढा वेळ. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्याने कुलूप लावलं. टेबलावरच्या पाटीवर दोन रेघा होत्या. त्याने त्या पुसल्या आणि घंटेकडे कान लावून थांबला. घंटा वाजली नाही. पुन्हा वाजणारही नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. आठवडाभर तो यासाठीच तडफडला होता.

७

चौकात अजून उजेड होता. माणसं होती, सायकली होत्या. त्याने तिला बाकावर बसवलं आणि म्हणाला, "मागे बघ. आता बघ वळून."

"मान वळत नाही हो," ती म्हणाली. "आखडलीय. घरी जाऊन शेक घेईन."

"कुणी आहे का अजून?"

तिने खांदा जरासा हलवून बघितला, अंगातलं दुखणं चाचपावं तसा. "दमल्यात," ती म्हणाली. "चला, घरी जाऊ. मीही दमले."

ती रोज चालायला लागली की त्याच्या चार पावलं पुढे असे. आज ती मागे होती आणि तिचा डावा खांदा खाली गेला होता, भरलेली पिशवी त्या हातात असावी तसा. त्याने तिकडे जाऊन तिला धरायचा प्रयत्न केला. तिने मान न वळवता सांगितलं, "या बाजूने नको. धक्का लागेल."

इमारतीच्या दारातून तो आत गेला, ती आत आली. सवयीने त्याने टाच उचलून घेतली. दार आपटलं नाही. तो पहिल्या पायरीवर पाठमोरा उभा राहिला. स्प्रिंग कुरकुरत होती, ताणून धरलेली. मग दार हळूच, कुणी हाताने लोटून घ्यावं तसं, बंद झालं.

"पायरी आहे हं," बायको हलक्या आवाजात म्हणाली. "इथे बेचाळीसच आहेत."

ती हे त्याला सांगत नव्हती.

बेचाळीस पायऱ्या चढायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. प्रत्येक मजल्यावर ती थांबली. तिचा श्वास आता लांब होत चालला होता, संथ, मध्येच अडणारा, आणि कुठला तिचा आणि कुठला नाही हे त्याला सांगता येईना. त्याला वाटलं, आपण चिडायला हवं. अकरा वर्षं शेंबड्या पोरांवर, इतिहासाच्या बाईंवर चिडलो. आता ओरडावं, चालते व्हा म्हणावं. पण बोलावलं त्यानेच होतं. यायचं तर या, असं त्यानेच म्हटलं होतं. आणि बायकोने खांदा दिला होता.

दाराशी येऊन त्याने किल्ली हातात घेतली. घरात कुणी नव्हतं, बेल कुणासाठी वाजवायची? तरी त्याचं बोट आपसूक बेलवर गेलं. रिकाम्या घरात ती वाजली. एकदा. मग पुन्हा एकदा. तो थांबला. दोन टोल, दोन माणसं. बोट उचलून त्याने किल्ली कुलपाकडे नेली.

मागून बायकोचा आवाज आला, दमलेला, जरासा त्रासलेला, जिन्यात डोकं घालून तो स्वतः रोज म्हणत असे तसाच.

"अहो, नीट मोजा की."